त्रिशुळाच्या पाच गाठी

जयताळा, नागपूर
२ जानेवारी २०२५

मामा,

नमस्कार. दर दिवाळीला एक अशी तुमची सात पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. राग होता की भीती होती, ते मलाही धड सांगता येत नाही. माझ्या घरापासून तुमच्या तुरुंगाचं फाटक आठ किलोमीटरवर आहे. मी रोज मिहानला कामावर जाते, विमानं दुरुस्त करतात तिथल्या स्टोअरमध्ये. पण तुमच्या बाजूला एकदाही वळले नाही.

या दिवाळीला तुम्ही लिहिलं की गुढीपाडव्यानंतर सुटका आहे, नरखेडकडे गावात कोणी दारात उभं करणार नाही, तर तुझ्याकडे एक खोली मिळेल का. मामा, तुम्ही माझ्या नवऱ्याला मारलं. करिष्माच्या बापाला मारलं. पियूष कसा होता हे मला कोणी सांगायला नको, त्याच्या लाथाबुक्क्यांचे वळ माझ्या अंगावर आहेत. तरी खोली द्यायची की नाही याचं उत्तर मला घरात बसून सापडत नाही.

म्हणून मी चौरागडला चालत जाणार आहे. नागपूर ते पचमढी, अडीचशे किलोमीटर, एकटी. शिवरात्रीला महादेवाला त्रिशूळ वाहायचा आणि आल्यावर तुम्हाला उत्तर द्यायचं. पियूष तुमच्याबरोबर त्याच वाटेने गेला होता आणि परत आला नाही. ती वाट मला माझ्या पायांनी बघायची आहे. तुम्ही ती अकरा वेळा चाललात, दहा वेळा एकट्याने. तेव्हा एवढंच सांगा, एकट्या बाईने कसं चालावं. बाकी काही लिहू नका.

एक अडचण आहे. माझं उजवं मनगट कच्चं आहे. थंडीत ठणकतं, वजन पेलत नाही.

तुमची भाची
कामिनी


मध्यवर्ती कारागृह, नागपूर
१३ जानेवारी २०२५

कामिनी पोरी,

तुझं पाकीट बराकीत सगळ्यांना दाखवलं. आतलं पत्र नाही दाखवलं. तसं इथलं प्रत्येक पत्र साहेब वाचतात, तेव्हा चार ओळी त्यांच्याही डोळ्याखालून जातील, जाऊ दे.

जाऊ नको. हे एकदा लिहून टाकलं. आता तू प्रेमिलाची पोरगी, माझ्या बहिणीने कधी माझं ऐकलं नाही तर तू काय ऐकणार, म्हणून पुढचं लिहितो.

पाय हेच सगळं. नवीन जोडे घालून निघालीस तर सावनेरलाच रडशील. आतापासून घाल, त्यांच्यातच कामावर जा. झोपायच्या आधी तळव्यांना एरंडेल चोळ. फोड आला तर सुई ओवून दोरा आत ठेव, पाणी निघून जातं, कातडी ओढायची नाही. उजाडताच निघ आणि चारच्या आत मुक्काम धर. कितीही दम असला तरी चारनंतर पाऊल नाही. रस्त्याच्या उजव्या अंगाने चाल म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते.

रस्ता विचारायचा तर पानठेल्यावर नाही, हापशीवर बायांना विचार. मुक्कामही त्यांनाच विचार. कोणी म्हणालं एकटी काहून, तर सांग आमची माणसं मागून येऊन राहिली. हे खोटं मोठं कामाचं आहे, मीही बोलायचो. घरी दोन ठरलेल्या वेळी फोन करायचा, सकाळी निघताना आणि पोहोचल्यावर. तिसऱ्याला मुक्काम सांगायचा नाही. तामियाच्या पुढे मोहाची फुलं गळतात, ती खायला अस्वलं येतात. त्रिशुळाचं बूड डांबरावर आपटत चाल, आवाजाने ती बाजूला होतात.

आणि मजा. पहिले तीन दिवस तू मला शिव्या देशील. चौथ्या दिवशी सकाळी पाय आपणहून चालायला लागतील आणि डोक्यातली कटकट बंद होईल. त्यासाठीच मी जायचो. महादेव निमित्त होता, त्याला माहीत आहे.

मनगट कच्चं असेल तर त्रिशूळ डाव्या खांद्यावर घे. मनगटाला काय झालं? लहानपणी तर नव्हतं.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहेच. टोकांवर लाल कापड, त्याला घरच्या बाईने बांधलेल्या पाच गाठी, त्या गडावर महादेवासमोरच सुटतात. आणि वाटेत त्रिशूळ जमिनीवर आडवा ठेवायचा नाही. झाडाला टेकव, भिंतीला टेकव, उभाच ठेव.

त्या दिवसाचं तू विचारलं नाहीस. तरी कोर्टात सांगितलं तेच सांगतो. तामियाच्या पुढे, देलाखारीच्या अलीकडे बोलाचाली झाली, तो अंगावर आला, माझ्या हातात त्रिशूळ होता, लागला. अचानक झालं म्हणून जन्मठेप टळली आणि दहा वर्षांवर भागलं, त्यातली माफी धरून सात भरली.

देवराव मामा


जयताळा, नागपूर
३० जानेवारी २०२५

मामा,

जोडे घेतले आणि घालून कामावर जाते आहे. आमचे सुपरवायझर विचारतात, मॅडम पळून जायचा विचार आहे का. रोज सकाळी हिंगण्याच्या रस्त्याने दहा किलोमीटर चालते. पहिल्या आठवड्यात जिने उतरताना आई आठवली, आता चांगलं वाटतं. करिष्मा आता सहावीत आहे, ती स्टॉपवॉच लावते आणि मी उशिरा आले की मला ओरडते.

कळमेश्वरला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून त्रिशूळ करून घेतला. माझ्यापेक्षा हातभर उंच, पाच किलो. त्याने विचारलं नवस कशाचा. मी म्हटलं, अजून ठरायचा आहे. तो हसला. मागचा त्रिशूळ मुलासाठी होता, आठवतं? करिष्मा चार वर्षांची, त्यानंतरचं पोटातलं बाळ पियूषच्या लाथेने गेलं, आणि मग त्याच माणसाला मुलगा हवा म्हणून महादेवाला नवस. कापडाला पाच गाठी मीच बांधल्या होत्या. याही वेळी मीच बांधल्या, घट्ट.

आता वाईट बातमी. माझा दीर साहिल घरी आला होता. तुमची सुटका त्याच्या कानावर गेली आहे. करिष्मासमोर त्याने दाराला लाथ घातली, कप्पा उलटा केला, सगळी भांडी जमिनीवर. मला भिंतीला दाबून म्हणाला, "त्या खुन्याले घरात घेशीन तं तुये पाय तोडीन. चालायची लय हौस आली ना तुले." त्याच्या तोंडाला पियूषसारखाच वास येत होता. शेजारच्या सिंधूताई लाटणं घेऊन आल्या तेव्हा गेला. पोलिसांत तक्रार दिली आहे.

तरी मी जाणार. बारा तारखेला निघते. करिष्मा सिंधूताईंकडे राहील. मनगटाचं मग सांगेन.

कामिनी


मध्यवर्ती कारागृह, नागपूर
६ फेब्रुवारी २०२५

कामिनी,

साहिलला मी लहानपणापासून ओळखतो. तो तोंडावर भांडणारा नाही, मागून येणारा आहे. हौसेपायी जीव घालवू नको. गाडीने जा, त्रिशूळ वाहा, गाडीने परत ये. खोलीचं राहू दे, मी कुठेही पडून राहीन.

जायचंच असेल तर तामिया ते मटकुली हा पट्टा एकटीने करू नको. तिथे महादेवाचे भगत जथ्याने असतात, त्यांच्या पन्नास पावलं मागे राहा. मागून मोटरसायकलचा आवाज आला की रस्ता सोडून झाडाकडे हो. वार करावाच लागला तर पायावर कर. डोक्यावर नाही. डोक्यावर केला की मग माणसाचं काहीच उरत नाही, मारणाऱ्याचंही.

मी इथे रोज दिवस मोजेन.

मामा


छिंदवाडा
१८ फेब्रुवारी २०२५

मामा,

सात दिवस झाले. छिंदवाड्याच्या पोस्टाच्या पायरीवर बसून लिहिते आहे, पाय समोर पसरून, एखाद्या पाटलासारखी.

तुम्ही म्हणालात ते खरं झालं. सावनेर, सातनूर, सौंसर, तीन दिवस मी तुम्हाला शिव्या दिल्या. दोन्ही टाचांना फोड, दोरा ओवला. रामाकोन्याला एका शाळेच्या व्हरांड्यात अंग टाकलं तेव्हा वाटलं, उद्या बस. पण सकाळी उठले तर धुकं होतं, बाजूच्या शेतात हरभरा, कोणी माणूस नाही, आणि मला भूक लागली होती. साधी भूक. पियूष गेल्यापासून मी घड्याळ बघून जेवत होते. त्या दिवशी एका म्हातारीकडे तीन भाकरी खाल्ल्या. तिने हिंदीत विचारलं एकटी कशी, मी तुमचं खोटं सांगितलं, माझी माणसं मागून येत आहेत. ती म्हणाली, "वो तो सब यही बोलते हैं," आणि चौथी भाकर वाढली.

उमरानाल्याच्या पुढे मी गाणं म्हणत होते. मोठ्याने. एक ट्रकवाला हॉर्न देऊन गेला, मी त्रिशूळ उंच केला. कोणाला विचारून थांबायचं नाही, कोणासाठी घाई नाही, दुखलं तर आपलं आपण बसायचं. बत्तीस वर्षांची झाले तरी हे मला माहीत नव्हतं. तुम्ही घरून का पळायचात ते आता कळलं. मामीला तेव्हा काय वाटत असेल, तेही मनात आलं.

उद्या परासिया, मग तामिया. साहिल कुठे दिसला नाही.

कामिनी


पचमढी
२७ फेब्रुवारी २०२५

मामा,

मी जिवंत आहे. हे आधी.

चोवीस तारखेला सकाळी देलाखारीच्या अलीकडे मी जथ्याच्या मागे होते. फोड फुटला म्हणून दोरा ओवायला एका पुलाच्या कठड्यावर बसले आणि भगत पुढे निघून गेले. दहा मिनिटांची चूक. साडेनऊ वाजले असतील, लख्ख ऊन. मोटरसायकलचा आवाज आला, मी उठून झाडाकडे वळले, पण पाय एक अनवाणी होता.

साहिलने गाडी तशीच आडवी टाकली. त्याच्या हातात गाडीची साखळी होती. पहिला तडाखा पाठीवर बसला, पाठीच्या पिशवीमुळे वाचले. दुसरा कानावर. ऐकूच येईना, नुसती शिट्टी. केसाला धरून त्याने मला पुलाच्या कठड्यावर आपटलं, दात ओठात घुसला. म्हणाला, "भाऊ इथंच मेला ना? तू बी इथंच." मी त्रिशूळ ओढून घेतला आणि कापडाची गाठ सोडायला गेले. मामा, सुटली नाही. मी स्वतः बांधलेली, घट्ट. नखं मोडली. एकसुद्धा सुटली नाही.

मग मी बुडाकडून फिरवला. लोखंडी बूड त्याच्या गुडघ्यावर बसलं. हाडाचा आवाज मला एका कानानेही ऐकू आला. तो खाली पडला, साखळी सुटली, तरी हाताने माझा घोटा धरला, तेव्हा मी दुसरा घाव त्याच्या कोपरावर घातला. तो ओरडायला लागला, आईला हाका मारायला लागला. त्याचं डोकं माझ्या पायाशी होतं. मला तिसरा मारायचा होता. खूप मारायचा होता. सगळी भांडी, दाराला घातलेली लाथ, पियूष, सगळं त्या एका डोक्यावर काढायचं होतं. त्रिशूळ वर गेला होता. तुमचं पत्र आठवलं म्हणून नव्हे, करिष्माच्या संध्याकाळच्या फोनची वेळ आठवली म्हणून खाली घेतला.

एकशे आठला फोन लावला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत वीस पावलांवर बसून राहिले, त्याच्यावर नजर ठेवून. त्याने पाणी मागितलं तर बाटली गडगडत सोडली. तामियाला पोलिसांनी जबाब घेतला, साहिलवर गुन्हा नोंदवला, दवाखान्यात मला टाके घातले. तिथली कॉन्स्टेबल बाई म्हणाली, आता घरी जा. मी उरलेली वाट जथ्याबरोबर चालले आणि काल गड चढले. तेराशे पायऱ्या, पाच किलो, फुटलेला ओठ. वर वाऱ्यात हजारो त्रिशूळ उभे आहेत, त्यांच्यात माझाही ठेवला. गाठी सोडायला पुजाऱ्याला कात्री आणावी लागली.

तिथेच मला प्रश्न पडला. तुम्ही कोर्टात सांगितलंत, तो अंगावर आला, अचानक लागला. पियूषच्या गळ्यात तिन्ही टोकं गेली होती, ते मी कागदात वाचलं आहे. मग कापड कधी सुटलं? अंगावर आलेल्या माणसासमोर पाच गाठी सुटत नाहीत. मला एकही सोडवता आली नाही.

खोलीचं उत्तर यावर आहे. खरं लिहा.

कामिनी


मध्यवर्ती कारागृह, नागपूर
८ मार्च २०२५

कामिनी,

हे पत्र वाचणाऱ्या साहेबांनीही नीट वाचावं. त्यांना पुढे काही करायचं असेल तर करोत, मी नाही म्हणणार नाही.

तो झोपला होता.

दुपारी दोनला आम्ही मोहाच्या झाडाखाली जेवलो. माझ्या फडक्यातली भाकर त्याने खाल्ली. सकाळपासून तो बोलतच होता. बायकोला कसं सरळ ठेवायचं ते मला, तुझ्या मामाला, सांगत होता. बाळ कसं गेलं ते सांगून हसला. म्हणाला, पुढची पोरगी झाली तर विहिरीत. मग आडवा झाला आणि तोंड उघडं टाकून घोरायला लागला.

मी त्रिशूळ खांद्याला टेकवून बसलो होतो. हात सहज कापडावर गेला. गाठीचं टोक ओढलं तर ती सुटली. मी दचकलो. आपल्या घरात निरगाठच बांधतात, तुझी आई तर अशी आवळायची की कात्रीशिवाय सुटायची नाही. ही सुरगाठ होती. दुसरी बघितली, तीही सुरगाठ. पाचही. एकेका ओढीत सुटणाऱ्या.

मला वाटलं, ही कामिनीची खूण आहे. पोरीला तोंडाने सांगता येत नाही, नवरा समोर उभा, म्हणून तिने कापडातून सांगितलं. ‘मामा, त्रिशूळ मी मोकळा करून दिला आहे, पुढचं तुम्ही बघा.’ मी मोठा विचार केला नाही. पाचवी सोडली, कापड घडी करून खिशात ठेवलं, उभा राहिलो आणि अंगाचा सगळा भार घातला. तो जागा झाला. डोळे उघडून त्याने माझ्याकडे बघितलं, दोन्ही हातांनी दांडा धरला. लवकर मेला नाही. मी दाबून धरलं होतं, त्याच्या टाचा माती उकरत होत्या, बाजूला खड्डा पडला होता. हातावर गरम रक्त येत होतं आणि मी तुझं नाव घेत होतो.

झटापटीचं खोटं शिक्षेसाठी नव्हतं सांगितलं. गाठींची गोष्ट निघाली असती तर कोणी बांधल्या हे निघालं असतं. ते कापड पोलीस यायच्या आत मी ओढ्यात सोडलं. सात वर्षं कोणाला बोललो नाही. तू पत्र लिहीत नव्हतीस तरी मला वाटायचं, पोरीला कळतं आहे, आपल्या दोघांत ते आहे. त्याच भरवशावर खोली मागितली.

एवढंच खरं आहे.

देवराव


जयताळा, नागपूर
१९ मार्च २०२५

मामा,

तुमचं पत्र आठ दिवस डब्यात ठेवलं. रोज कामावर चालत गेले आणि चालत आले. आज लिहिते.

तुम्ही निघालात त्याच्या आदल्या संध्याकाळी मी पियूषला म्हटलं होतं, मुलाचा नवस नको, आहे ती पोरगी पुरे. त्याने मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाडलं आणि उजव्या मनगटावर पाय दिला. नुसता ठेवला नाही, उभा राहिला. मोडल्याचा आवाज करिष्मानेही ऐकला. सकाळी तुम्ही येणार होतात, म्हणून त्याने बजावलं, हात पदराखाली ठेवायचा.

पाच गाठी मी डाव्या हाताने आणि दातांनी बांधल्या. निरगाठ आवळायला दोन हात लागतात. बसेना. म्हणून सुरगाठी मारल्या आणि मनात म्हटलं, मामा बघतील, वाटेत आवळून घेतील. खूण नव्हती मामा. माझा हात मोडला होता.

त्रिशूळ तुमच्या हातात दिला तो डाव्या हाताने. तुमच्याकडे बघत उभी होते की एकदा विचारतील, देवाची वस्तू डाव्या हाताने काहून देतेस वं. तुम्ही विचारलं नाही. तुमचं लक्ष वजनाकडे होतं. प्लास्टर पुढे सुतकात झालं, तेव्हाही कोणी विचारलं नाही, तुम्ही तर आत होतात. हाड वाकडंच जुळलं.

गाठी बघितल्यात आणि हात नाही बघितला. याचा मला आठ दिवस फार राग आला. मी कोणाला मारायला सांगितलं नव्हतं. मला फक्त कोणीतरी दवाखान्यात न्यायला हवं होतं.

आता माझ्याकडचं खरं. बातमी आली त्या दुपारी मी चुलीपुढे होते. सगळ्या बाया रडायला जमायच्या आधी मी आतून कडी लावली आणि एक अख्खी भाकर खाल्ली, डाव्या हाताने. मग रडले. तेव्हा सगळा भार तुमच्यावर टाकून मी मोकळी नाही. आणि पुलाजवळ साहिलच्या डोक्यावर त्रिशूळ उचलला होता, तेव्हा मला तुमच्यासारखंच वाटत होतं. माझ्या गाठी घट्ट होत्या आणि करिष्माची फोनची वेळ होती, इतकाच काय तो आपल्यातला फरक.

खोली झाडून ठेवली आहे. खिडकी पूर्वेला आहे. दोन गोष्टी मात्र ठरवून या. जे झालं ते माझ्यासाठी केलं असं या घरात म्हणायचं नाही. आणि करिष्मा मोठी होते आहे, ती विचारेल तेव्हा भांडण झालं होतं असं सांगायचं नाही. तो झोपला होता हे तुम्ही तुमच्या तोंडाने तिला सांगायचं. मग ती तुमच्याशी बोलेल की नाही, ते तिचं.

मी फाटकावर घ्यायला येणार नाही. ऑटो करू नका. चालत या, एकटे. आठच किलोमीटर आहे, पण सात वर्षांनी चालणार आहात तेव्हा सकाळीच निघा, उन्हाच्या आत. रस्त्याच्या उजव्या अंगाने. दोनदा बसा, घोट घोट पाणी प्या. कोणी विचारलं तर माझी माणसं मागून येत आहेत असं सांगू नका, पुढे वाट बघत आहेत असं सांगा.

दार उघडंच असेल. आलात की आधी माझा हात बघा, मग पाणी देते.

कामिनी